शेपूट वर, शेपूट खाली

मंगळवार, १ एप्रिल

नऊ सेंटिमीटर!

डॅरिलने टेप दोनदा लावली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा लावली. पिकअपला कॅरॅव्हॅन जोडली की मागच्या मडगार्डची कड नऊ सेंटिमीटर खाली बसते. आणि नवरोबांचा नियम काय? चार! चारच्या वर एक रेघ गेली तर सामान उतरवायचं. हा नियम केला कोणी? डॅरिलने. कधी? काल, चहात बिस्किट बुडवताना.

कुंपणावर हनुवटी टेकून नेव्हिल सगळं बघत होता. शेजारी म्हणून देवाने आम्हाला हा दिलाय. "डॅरिल, लेका, ही गाडी आहे की शी करायला बसलेलं कुत्रं?"

डॅरिल लाल झाला. तीस वर्षं कौन्सिलचं ग्रेडर चालवून रस्ते सपाट केलेला माणूस. त्याला वाकडं काही चालत नाही. मला मात्र नेव्हिलचं म्हणणं पटलं. नाक आभाळात, ढुंगण जमिनीला. दिवे लावले तर रस्ता दिसणार नाही, झाडावरचे काकाकुवे दिसतील. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय!

डॅरिलने मडगार्डच्या आत सुताराच्या पेन्सिलीने लिहिलं — ९ सेंमी, १ एप्रिल. हा प्रत्येक गोष्टीवर तारीख घालतो. बल्ब बदलला, तारीख. जॅमची बरणी उघडली, तारीख. मी मेले तर माझ्या कपाळावरही घालेल.

गुरुवार, ३ एप्रिल

आज भांडण. छोटंच, पण खरं.

५ मेला आम्ही निघणार आहोत. अगेट क्रीकला! अकरा वर्षं "पुढच्या हिवाळ्यात, पुढच्या हिवाळ्यात" चाललंय. कधी त्याची नोकरी, कधी माझी आई, यंदा जानेवारीत त्याचा गुडघा. आता गुडघा नवा आहे, आई नाही, नोकरी नाही. आता नाही गेलो तर कधीच नाही.

मला तिथे अकीक उचलायचे आहेत. आणि तिथेच, उचलल्या दिवशीच, कापायचे आहेत. अकीक बाहेरून बटाट्यासारखा दिसतो. कापेपर्यंत आत काय आहे ते कुणालाच कळत नाही. दगडांच्या क्लबात बावीस वर्षं मी दुसऱ्यांनी आणलेले बटाटे कापत आलेय. एकदा तरी स्वतःचा कापायचाय. त्यासाठी माझी करवत हवी. चौसष्ट किलो. तेलाची टाकी वेगळी.

डॅरिल म्हणाला, "वीस किलोच्या वरची कुठलीही हौस गाडीत येणार नाही. मी बोट सोडली ना? मग तू करवत सोड."

बोट त्याने खरंच सोडली आहे. ती अॅल्युमिनियमची बोट शेडमध्ये उलटी पडलीय आणि तो रोज सकाळी तिच्या पोटावर थोपटून येतो. ते बघवत नाही. पण म्हणून काय करवत सोडू?

मी म्हटलं, "बरं."

लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, तरी या माणसाला माझ्या "बरं"ची भीती वाटत नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

टॅम्सिनकडे गेले. गावाबाहेरचं गॅरेज तिचं. शाळेत माझ्या हाताखाली होती, गणितात काठावर पास. आता ट्रकचं इंजिन एकटी उतरवते.

मी विचारलं, शेपूट कशी वर करायची?

"हवेच्या पिशव्या घाल," ती म्हणाली. "मागच्या एक्सल आणि चॅसीच्या मध्ये, दोन बाजूंना दोन. सायकलच्या पंपानेही भरतात. पण डॅरिलला चालेल का?"

नाही चालणार. डॅरिलच्या मते पिकअपला स्प्रिंगचे पोलादी पाटे पुरेत. "फुगे वाढदिवसाला लावतात," हे त्याचं वाक्य सगळ्या कॅरॅव्हॅन क्लबाला पाठ आहे.

"त्याला कळायलाच नको," मी म्हटलं. "नव्या गुडघ्याने तो गाडीखाली सरपटू शकत नाही."

टॅम्सिनने हातातला पाना खाली ठेवला. "आणि ही बाई आम्हाला नागरिकशास्त्र पण शिकवायची!"

मंगळवार, ८ एप्रिल

झालं! डॅरिल दिवसभर बोल्सच्या, त्या हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या, स्पर्धेत गुण लिहायला गेला होता. आठला तो नेव्हिलच्या गाडीत बसला, सव्वाआठला मी पिकअप घेऊन टॅम्सिनकडे.

मी खाली आडवी होऊन बघितलं. अंगावर तिचा जुना डगला. पाट्यांच्या वर दोन काळ्या रबरी पिशव्या, एकावर एक ठेवलेल्या दोन बनसारख्या. वर एक ब्रॅकेट, खाली एक ब्रॅकेट, चार बोल्ट, एक बारीक नळी. हवा भरायची तोंडं नंबरप्लेटच्या मागे लपवून दिली. वरून काही दिसत नाही. इतकी साधी गोष्ट! मला वाटलं होतं काहीतरी भानगडीचं असेल.

टॅम्सिनने मग भाषण दिलं. रिकामी असतानाही पाच पौंड हवा ठेवायचीच. पस्तीसच्या वर जायचं नाही. "आणि ग्लेनिस, ऐक नीट. हवेने वजन कमी होत नाही, फक्त दिसेनासं होतं. शेपूट वर दिसली की लोक खुशाल भरत सुटतात, आणि मग एक दिवस चॅसी केबिनच्या मागे वाकते. समजलं?"

समजलं, समजलं. शाळेत ती जसं म्हणायची तसंच म्हटलं.

दुपारी तीनला पिकअप जागेवर. धूळसुद्धा परत उडवली.

बुधवार, ९ एप्रिल

पहाटे उठून पंप मारला. आमच्या मुलाचा, पीटरचा, शाळेतला सायकलचा पंप. म्हातारा झालाय, प्रत्येक दट्ट्याला अर्धी हवा "फूस" करून मागे येते. वीस पौंडांना माझे दोन्ही दंड गेले.

डॅरिलने जोडून मोजलं. साडेतीन! नऊवरून साडेतीन!

तो गाडीला थोपटत म्हणाला, "बघ. पाटे नवे असले की जरा बसतात आणि मग ताठ होतात. शेवटी पोलाद ते पोलाद."

मी मान हलवली. जीभ दाताखाली धरून.

गुरुवार, १० एप्रिल

करवत गाडीत गेली!

डॅरिल दुपारी झोपला तेव्हा. मोटर वेगळी, टाकी वेगळी, सांगाडा वेगळा. ढकलगाडीवरून तीन फेऱ्या. कॅरॅव्हॅनच्या अगदी मागे आमचा पलंग आहे, तो वर उचलला की खाली मोठा खण. तिथे. वर तीन रजया. खाली ढकलताना सांगाडा जरा डुगडुगला, पण आता झाकण लावलं ते लावलं. अगेट क्रीकला पोचल्यावरच उघडायचं. तिथून काय परत पाठवणारेय?

कंबर गेलीय. पण काय मजा!

शुक्रवार, ११ एप्रिल

डॅरिल सकाळभर कॅरॅव्हॅनमध्ये. नळ गळतोय म्हणे. आतून करवतीचा आवाज. माझ्या नव्हे, त्याच्या लाकडाच्या! कपाटाचं दार घासत होतं म्हणे. मी बाहेर कपडे वाळत घालत होते आणि एकच चादर तीनदा पिळली. पण तो शीळ घालत बाहेर आला. काही कळलेलं नाही.

त्याला समोरची गोष्ट कधी दिसली आहे?

रविवार, १३ एप्रिल

चमत्कार!

आता चौसष्ट किलो वाढले, तर शेपूट बसणार. म्हणून मी पहाटे आणखी हवा भरायला उठले, पण उशीर झाला. डॅरिल टेप घेऊन आधीच हजर. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते.

दोन!

चौसष्ट किलो भरले, हवेचा एक दट्ट्या मारला नाही, आणि शेपूट वर! साडेतीनवरून दोन! या पिशव्या म्हणजे काय आहे काय? टॅम्सिनला कळत नाही तिने काय विकलंय ते. हवा आतल्या आत ताकद धरत असेल. ऊन पण होतं.

डॅरिल टेपकडे बघत होता, मग कॅरॅव्हॅनच्या मागच्या टोकाकडे, मग परत टेपकडे. "हम्म," म्हणाला. त्याच्या "हम्म"मध्ये कधीच काही नसतं.

मंगळवार, १५ एप्रिल

दगड घासायची चाकं नेली. अकरा किलो. मागे, संडासाच्या कपाटात.

बुधवार, १६ एप्रिल

तेलाचा डबा. वीस लिटर. तोही मागेच. आणि कापायला म्हणून जुन्या दगडांची पिशवी. समजा तिकडे चांगले मिळालेच नाहीत तर? रिकाम्या हाताने बसायचं का?

एक सांगायचं राहिलं. पंप आपोआप सुधारला! फूस बंद. एका दट्ट्यात पौंडभर हवा जाते. वापरात राहिलं की सगळं सुधारतं, माणसांचंही तसंच.

शुक्रवार, १८ एप्रिल

गुड फ्रायडे. क्रॉसचे बन जळले. कारण मी पलीकडे कॅरॅव्हॅनमध्ये इस्त्रीच्या पेटीत छिन्न्या लपवत होते.

रविवार, २० एप्रिल

ईस्टर. डॅरिलने मोजलं. शून्य! जोडलेली गाडी आणि सुटी गाडी, फरकच नाही. शेपूट उलट किंचित वरच असेल.

जितकं भरावं तितकी हलकी! मी तर म्हणते घराचा पियानोही घालावा.

नेव्हिलने कुंपणावरून वाकून बघितलं. "कुत्र्याचं काम झालेलं दिसतंय," एवढंच म्हणाला.

डॅरिलला मात्र आनंद नाही. जेवताना म्हणाला, "गाडी फार फुगलीय हल्ली." मी घास गिळला. त्याच्या डोळ्यांत बघितलं. भोपळ्याचा एक तुकडा मिशीत अडकलेला, बाकी काही नाही.

मग म्हणाला, "डॉक्टर म्हणतात गुडघ्याला चाल हवी. उद्यापासून अंगणात फेऱ्या मारतो."

बुधवार, २३ एप्रिल

शेपूट बसायला लागली!

काल दीड. आज अडीच. मी काही भरलेलं नाही! पहाटे पाच पौंड हवा मारली, तर संध्याकाळी परत खाली. साबणाचं पाणी करून नळ्यांवर फासलं. एकही बुडबुडा नाही. टॅम्सिनला फोन केला. "पिशवी गळत असती तर एका रात्रीत आडवी झाली असती. तू काय भरलंयस?"

काही नाही म्हटलं. खरंच आहे, या आठवड्यात काही नाही.

डॅरिल मात्र खुशीत आहे. फेऱ्या मारतो, घामाघूम होतो, शीळ घालतो. गुडघा बरा होतोय.

गुरुवार, २४ एप्रिल

साडेतीन. अजून अर्धा सेंटिमीटर, की सामान उतरवा! पुन्हा पंप. अठ्ठावीस पौंड. माझे दंड आता नेव्हिलपेक्षा मोठे झालेत.

शुक्रवार, २५ एप्रिल

अॅन्झॅक डे, युद्धात गेलेल्या सैनिकांचा दिवस. पहाटे स्मारकापाशी बिगुल वाजला, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो. तेवढी दोन मिनिटं मी कुठलंही पाप केलं नाही.

घरी येऊन कपडे वाळत घालायला गेले आणि पाय घोट्यापर्यंत चिखलात. कपडे वाळत घालायच्या लोखंडी छत्रीखाली आमच्या काँक्रीटच्या लाद्या असतात, चौकोनी. तिथे लाद्याच नाहीत! बारा लाद्यांची बारा ओली चौकोनी भोकं.

मी तशीच, एक पाय चिखलाचा, कॅरॅव्हॅनकडे गेले. पुढच्या टोकाला, जोडणीच्या जवळ, पाण्याचे पाइप ठेवायची पेटी आहे. पाइप उचलले. खाली ताडपत्री. ताडपत्री उचलली.

बारा लाद्या. नीट दोन रांगांत. प्रत्येक आठ किलो.

फेऱ्या! गुडघ्याच्या फेऱ्या! एका फेरीत एक लादी!

हरामखोर.

त्याच दिवशी, नंतर

खूप राग आला होता, म्हणून वर एकच शब्द लिहिला. आता शांत आहे.

त्याला जायचंच नाही. हेच खरं. बोट न्यायला मिळत नाही म्हणून त्याचा जीव उडालाय. पण तोंडाने नाही म्हणवत नाही. मग काय? चोरून लाद्या भरायच्या, शेपूट चार सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली पाडायची, आणि टेप दाखवून म्हणायचं — बघ ग्लेनिस, नियम म्हणजे नियम, पुढच्या हिवाळ्यात जाऊ.

बारावा हिवाळा! मला रडू आलं. आधी राग आला आणि मग रडू आलं. तो मला सरळ का सांगत नाही? मी काय त्याला खाल्लं असतं?

खाल्लं असतं म्हणा. पण सांगायचं तरी.

आणि तो चोरी करतो तेव्हा वाईट वाटतं, मी करते तेव्हा मजा वाटते. हेही लिहून ठेवते. कोण वाचणारेय?

शनिवार, २६ एप्रिल

सूड घेतला. गोड सूड.

डॅरिल केस कापायला गेला आणि मी नेव्हिलला बोलावलं. त्याच्या मागच्या पायरीशी कायम चिखल असतो. "लाद्या हव्यात का? पण तोंड बंद." पाऊण तासात बारा लाद्या त्याच्या पायरीशी. खुशीत होता. कुंपणाच्या त्या बाजूचं डॅरिलला दिसत नाही.

पेटीत ताडपत्रीखाली मी काय ठेवलं? उशा! चार जुन्या उशा, नीट घड्या करून, लाद्यांच्या आकारात. वर पाइप.

लाद्या गेल्यावर शेपूट वर आली. मग मी थोडी थोडी हवा सोडून ती बरोबर साडेतीनवर आणून ठेवली. आता तो बसेल वाट बघत, शेपूट शेवटी चारच्या पलीकडे कधी जाते म्हणून. बैस बाबा!

पीटर लहानपणी गणित घालायचा तशी माझी गाडी आहे. आत एक, बाहेर एक, उत्तर तेच.

रविवार, २७ एप्रिल

साडेतीन. डॅरिल म्हणाला, "चालेल. आता याला हात लावायचा नाही."

हात लावायचा नाही म्हणे! मी भोपळ्याचे स्कोन केले आणि त्याला दोन जास्त वाढले.

बुधवार, ३० एप्रिल

अक्षर वाकडं आलं तर आलं.

आज चाचणी. सगळं जोडून नानांगो गावापर्यंत जायचं आणि यायचं. जाताना डॅरिल, येताना मी. जाताना टेकड्यांमध्ये तो हळू चालवत होता. "मागे जरा सैल वाटतंय," म्हणाला, दोनदा. मी म्हटलं, तुझा गुडघा सैल असेल.

परत येताना मी चालवत होते. उतार. नव्वदचा वेग. मागून गुरांचा लांबच लांब ट्रक आला आणि ओलांडून पुढे गेला. त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि कॅरॅव्हॅनने शेपूट हलवली. एकदा डावीकडे. मग उजवीकडे, जास्त. मग डावीकडे, आणखी जास्त. पिकअपचं ढुंगण तिच्याबरोबर ओढलं जायला लागलं. आरशात एकदा कॅरॅव्हॅन दिसायची, एकदा नुसतं आभाळ. माझा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको." डॅरिल अगदी हळू बोलला, चहा मागावा तसा. "पाय काढ. दोन्ही पाय. स्टिअरिंग सरळ धर, तिच्या मागे जाऊ नकोस. सरळ, ग्लेनिस. सरळ."

आणि त्याने हात लांब करून डॅशबोर्डखालचं ते लाल बटण दाबून धरलं, नुसत्या कॅरॅव्हॅनचे ब्रेक लागतात ते. मागून कुणीतरी धरल्यासारखी ती ताणली गेली. एक झोका. छोटा झोका. सरळ.

गवतात उभे राहिलो. डॅरिलने माझी बोटं स्टिअरिंगवरून एकेक करून सोडवली.

मग तो खाली उतरला आणि कुठे गेला? टायरकडे नाही, जोडणीकडे नाही. सरळ पुढच्या पेटीकडे. पाइप बाजूला केले. ताडपत्री उचलली.

मी पाठीमागे उभी.

"उशा?" तो म्हणाला.

"उशा," मी म्हटलं.

त्याने ताडपत्री परत नीट घातली, कोपरे खोचले. "बरं," म्हणाला. "आता मी चालवतो."

साठच्या वर गेला नाही. सगळी वाट चारही दिवे चमकवत.

पकडला गेला म्हणून गप्प बसलाय! आज त्याने आमचा जीव वाचवला, ते खरं. पण लाद्या चोरून भरल्या, तेही खरंच. मी माफी मागणार नाही.

गुरुवार, १ मे

नाश्त्याला डॅरिल एवढंच बोलला — "निघायच्या आधी टॅम्सिनला बोलव. जोडणीच्या गोळ्यावर वजन किती येतंय ते मोजू दे."

टॅम्सिनला? टॅम्सिनलाच का? गावात तीन मेकॅनिक आहेत.

चोराच्या मनात चांदणं. दिवसभर घरात फिरतेय.

शुक्रवार, २ मे

टॅम्सिन आली. डॅरिल मुद्दाम बोल्स क्लबला निघून गेला.

कॅरॅव्हॅनची मान पिकअपच्या गोळ्यावर टेकते, तिथे तिने एक ठेंगणा काटा लावला. बघितलं. परत लावला. "एकशे बारा," म्हणाली. "हिला दोनशेच्या आसपास हवेत. ग्लेनिस, खरं सांग, मागच्या टोकाला काय भरलंयस?"

सांगितलं. सगळं. करवत, चाकं, तेल, दगड, छिन्न्या. शेपूट वर येत गेली तेही, अभिमानाने.

तिने डोक्याला हात लावला. तेलाचा हात. "अगं बाई! तुझ्या पिशव्यांनी काही चमत्कार केला नाही. शाळेच्या मैदानावर सी-सॉची फळी होती ना, ती आठव. कॅरॅव्हॅनची चाकं म्हणजे मधला खुंटा. तू मागच्या टोकाला वजन टाकलंस की पुढचं टोक वर येणारच! गोळ्यावरचा भार गेला म्हणून पिकअपची शेपूट वर आली. तुला वाटलं गाडी हलकी झाली. ती हलकी नाही झाली, सुटायला आली. पुढचं टोक हलकं असलं की कॅरॅव्हॅन शेपूट हलवते आणि मग गाडीसकट खड्ड्यात. टेप कितीही चांगलं दाखवो."

मी विचारलं. माझा आवाज मलाच लहान वाटला. "आणि पुढच्या पेटीत जर कुणी शहाण्णव किलोच्या लाद्या ठेवल्या असत्या तर?"

तिने मनात हिशेब केला. तीच, काठावर पास झालेली. "मग गोळ्यावर एकशे पंच्याऐंशीच्या आसपास आलं असतं. म्हणजे जिथे हवं तिथेच. उगाच जास्तीचं ओझं, पण सुरक्षित. का? कोणी ठेवल्या होत्या?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"ज्याने ठेवल्या त्याला तुझ्या दगडांचं वजन किलोकिलोने माहीत होतं," टॅम्सिन म्हणाली. मग जाताना वळली. "लाद्या नकोत. करवत मागून काढ आणि मधे, चाकांच्या वर ठेव. बाकीचं तिच्याभोवती. मग काहीच तोलावं लागणार नाही."

शनिवार, ३ मे

करवत हलवायला पलंग उचलला. रजया काढल्या.

सांगाड्याखाली रबराची चटई आहे, मी घातलेली नाही. चारही पायांना मापात कापलेले लाकडी ठोकळे आहेत. वरून त्याचे दोन चांगले पट्टे, बोट बांधायचे, घट्ट ताणलेले. ठोकळ्यावर पेन्सिलीने — ११ एप्रिल.

मग जाऊन पंपाची मूठ उघडून बघितली. आत नवा चामड्याचा वायसर. १४ एप्रिल.

लाद्या उतरल्या, शहाण्णव किलो. बोट अठ्ठावन्नची आहे. नेव्हिलला हाक मारलीय, डॅरिल क्लबातून यायच्या आत ती पिकअपच्या छतावर चढवायची. पेन्सिल शोधतेय.